भीमाशंकरच्या उतारावरची मुरमाड वनमाती: वर्गीकरणाचे एक प्रकरण

शाळेच्या भूगोलात भारतातल्या मृदांचे प्रकार पाठ करताना यादीच्या शेवटी 'पर्वतीय आणि वन मृदा' यायची. हिमालय, निलगिरी, सह्याद्री, सगळे त्या एकाच खणात. त्यावरून माती कुठे सापडते एवढे समजते. ती कोणत्या खडकाची झाली, किती पाणी धरते, वरचे जंगल गेले तर तिचे काय होते, यातले काहीच समजत नाही. म्हणून इथे एकच जागा घेतली आहे: पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकरच्या जंगलातला उतार आणि त्यावरची खडीने भरलेली माती. पावसाच्या आकड्यावरून इथे जशी माती असायला हवी तशी ती नाही, म्हणून हे प्रकरण निवडले. ती तशी का नाही याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या खडीत आहे, जी प्रयोगशाळेत पहिल्याच चाळणीवर अडकते आणि टाकून दिली जाते.

जागा आणि खडक

भीमाशंकर सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर आहे. पश्चिमेला कडा तुटून कोकणात उतरतो, पूर्वेला भीमा उगम पावून घोड आणि भामा या उपनद्यांच्या मुलखातून पुढे जाते. हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. शेकरूमुळे ते सर्वांना माहीत आहे. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जंगल निमसदाहरित: अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा आणि खाली कारवीचे रान. भोवती महादेव कोळ्यांच्या वस्त्या, तळाला भातखाचरे, वर वरकस उतारावर नाचणी आणि वरई.

खडक दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मातीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हे लाव्ह्याचे थर एकसारखे नाहीत. एखादा थर घट्ट, काळा, उभ्या भेगांचा. त्याचा कडा होतो आणि त्यातून टोकदार, कठीण दगड सुटतात. त्याच्या वर किंवा खाली दुसरा थर पोकळ्यांनी भरलेला असतो. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्या झाल्या आणि नंतर त्यांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजे भरली. भूशास्त्रात याला कुहरी बेसाल्ट म्हणतात, विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. हा खडक लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि कड्याच्या ऐवजी सौम्य उतार किंवा पायरी तयार होते. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो; तो दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा भाग कुजल्याची खूण आहे.

म्हणजे उतारावर उभे राहिले की पायाखालची खडी दोन कुळांची असते. एक खालच्याच खडकातून जागेवर तयार झालेली, दुसरी वरच्या थरातून घरंगळत आलेली. दोन्ही वेगवेगळे वागतात. हे ओळखल्याशिवाय पुढचे काहीही मोजण्यात अर्थ नाही, असे मी आग्रहाने सांगेन.

थरांचे वर्णन

अभयारण्यात खड्डा घेण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. म्हणून अनेकदा रस्त्याच्या कडेचा काप बघितला जातो. तसा काप बघायचा असेल तर दर्शनी भाग फावड्याने आतपर्यंत खरवडून काढला पाहिजे. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या भिंतीवरून बारीक माती धुऊन गेलेली असते, त्यामुळे माती आहे त्यापेक्षा जास्त खडीची वाटते.

जंगल शाबूत असलेल्या उतारावर वरून खाली साधारण असे दिसते. सगळ्यात वर पालापाचोळा. तो फार जाड नसतो, कारण पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी त्याचा लवकर फडशा पाडतात. त्याखाली गडद तपकिरी, जवळपास काळपट थर. ओला असताना बोटांत घेतला तर भाजलेल्या रव्यासारखे गोल दाणे सुटतात, मुळांच्या जाळ्यात ते लोंबतात. खडी इथेही आहे, पण तिच्या प्रत्येक तुकड्याभोवती माती आहे. पुढे रंग तांबूस तपकिरी होत जातो, चिकणमाती वाढते, खडीही वाढते. अजून खाली मुरूम: हातात घेतला तर दगड, दाबला तर माती, आणि त्यात जुन्या बेसाल्टची ठेवण अजून ओळखू येते. त्याच्या भेगांतून अंजनाची मुळे उतरलेली दिसतात. शेवटी घट्ट पाषाण.

मधल्या तांबूस थरात भिंग घेऊन थोडा वेळ घालवण्यासारखा आहे. खडीचा एखादा कुजका तुकडा हळूच उपटून त्याची मातीत रुतलेली बाजू उलटी करून उजेडात धरा. त्या बाजूवर मेणचट, पातळ, चकाकणारा लेप दिसला तर तो वरून पाण्याबरोबर उतरून बसलेला चिकणमातीचा पापुद्रा असतो. असे पापुद्रे पुरेसे असतील आणि वरच्या थरापेक्षा इथली चिकणमाती ठरावीक प्रमाणात जास्त निघाली, तर या थराला अमेरिकन मृदा वर्गीकरणात आर्जिलिक म्हणतात. खडीच्या मातीत ढेकळे कमी, म्हणून पापुद्रे ढेकळांऐवजी खडीच्या अंगावर शोधायचे. फक्त चमक बघून भुलू नये: आतून कुजणारा बेसाल्टही कधी कधी अशीच तुळतुळीत बाजू दाखवतो. पापुद्रा नखाने सोलला जातो. खडकाची बाजू नखाने सोलली जात नाही.

त्याच तुकड्यात पांढरा ठिपका दिसला तर त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात. फसफसले तर कॅल्साइट, म्हणजे चुना. इथल्या खडीत पुष्कळदा काहीच होत नाही. ठिपका तसाच राहतो. तो बहुधा झिओलाइट, पोकळ्यांत भरलेल्या खनिजांपैकी एक. या प्रकरणात त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

खडी कशाला म्हणायचे

वर्गीकरणाचा सगळा पेच इथे आहे, म्हणून हा भाग सविस्तर.

नियम असा आहे: दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ती माती, त्यापेक्षा मोठे ते दगडगोटे, त्यात दोन ते ७५ मिलिमीटरपर्यंतची खडी. आकारमानाने १५ टक्क्यांपर्यंत खडी असेल तर पोताच्या नावात तिचा उल्लेख नाही. १५ ते ३५ टक्के खडी म्हणजे खडीयुक्त, ३५ ते ६० फार खडीयुक्त, त्यापुढे अतिखडीयुक्त. आणि ठरलेल्या खोलीत ३५ टक्के किंवा अधिक दगडगोटे असतील तर मातीच्या कुळनावात 'स्केलेटल' हा शब्द येतो. बारीक मातीत चिकणमाती ३५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर लोमी-स्केलेटल, जास्त असेल तर क्लेयी-स्केलेटल.

नियम वाचायला सोपा आहे. अडचण मुरमाची. मुरूम दगड धरायचा की माती? अमेरिकन पद्धतीत याचे उत्तर दिलेले आहे. तुकडा हवेत वाळवून निदान तासभर पाण्यात बुडवायचा आणि मग दोन्ही हातांनी फोडायचा प्रयत्न करायचा. हातांनी फुटला तर तो खऱ्या दगडगोट्यांत मोजायचा नाही. हातांनी फुटला नाही आणि पायाखाली पूर्ण वजन टाकल्यावर फुटला, किंवा तसाही फुटला नाही, तर तो दगड. कड्यावरून आलेला काळा बेसाल्ट ही परीक्षा सहज पास होतो. मांजऱ्याचा मुरूम बहुतेक वेळा होत नाही.

आता प्रयोगशाळेत काय होते ते बघू. नमुना सावलीत वाळतो, लाकडी मोगरीने कुटला जातो, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला जातो. मोगरी चालवणाऱ्याचा हात हलका असेल तर मुरूम चाळणीवर राहतो आणि खडीत जमा होतो. हात जड असेल तर तोच मुरूम चाळणीखाली जातो, मातीत मिसळतो, आणि तिचा पोत, चिकणमातीचे प्रमाण, कॅल्शियम, सगळे बदलते. एकाच पोत्यातल्या मातीची दोन उत्तरे निघतात. यासाठी कुटण्याची पद्धत आणि वेळ लिहून ठेवणे गरजेचे आहे. प्रत्यक्षात ती फारशी लिहिली जात नाही, याची खंत वाटते.

दुसरा घोटाळा वजन आणि आकारमानाचा. चाळणी वजन देते, नियम आकारमान मागतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा एक किलो कोरड्या नमुन्यात ६०० ग्रॅम खडी आणि ४०० ग्रॅम बारीक माती निघाली. वहीत ६० टक्के खडी अशी नोंद होईल. पण घट्ट बेसाल्टच्या खडीची घनता २.७ धरली तर ६०० ग्रॅमचे आकारमान २२२ घनसेंटिमीटर. जंगलातली भुसभुशीत माती, तिची घनता १.१ धरली तर ४०० ग्रॅमला ३६४ घनसेंटिमीटर जागा लागते. एकूण ५८६, त्यात खडी ३८ टक्के. साठावरून अडतिसावर आलो.

याच हिशेबात खडी कुजकी असेल, तिची घनता २.२ धरली, तर तिचे आकारमान २७३ आणि प्रमाण ४३ टक्के होते.

हा पाच टक्क्यांचा फरक क्षुल्लक नाही. अमेरिकन पद्धतीची सीमा ३५ टक्के. आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धतीत, म्हणजे वर्ल्ड रेफरन्स बेसमध्ये, 'स्केलेटिक' हे विशेषण लागायला ४० टक्के लागतात. पहिल्या हिशेबातली माती एका पद्धतीत खडीची ठरते, दुसरीत ठरत नाही. दुसऱ्या हिशेबातली माती दोन्हींत ठरेल असे वाटते. पण तितकी हलकी, कुजकी खडी पाण्यात भिजवून हातांनी फुटली तर अमेरिकन पद्धतीत तिची गणती दगडांत होणारच नाही, आणि प्रमाण थेट शून्याकडे जाईल. तीच माती, तोच खड्डा.

म्हणून शेतावर किंवा जंगलात करता येईल अशी साधी पद्धत मी सुचवतो. ताडपत्रीवर एका थराची भरपूर माती काढावी. खडी मोठी असेल तर किलोभर नमुना पुरत नाही, घमेली भरून लागते. हाताने चाळून खडी वेगळी करावी. ती रात्रभर भिजवावी, हातांनी फुटणारी आणि न फुटणारी असे दोन ढीग करावेत. मग बादली काठोकाठ भरून प्रत्येक ढीग वेगवेगळा बुडवावा आणि सांडलेले पाणी खालच्या परातीत धरून मोजावे. ते पाणी म्हणजे खडीचे आकारमान. खड्ड्याचे आकारमान काढायला त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी ओतावे. घनता गृहीत धरायची गरज उरत नाही आणि मुरूम वेगळा मोजला जातो.

पावसाने धुतली का नाही

इतका पाऊस पडतो तिथे माती आतून धुतली जाऊन आम्लयुक्त आणि पोषणद्रव्यांना महाग व्हायला हवी. उष्ण, दमट प्रदेशात पाणी मातीतून खाली झिरपते, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम बरोबर घेऊन जाते, त्या जागी हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम येतात. कोकणात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा दिसतो, तो या धुण्याचा फार पुढचा टप्पा. भीमाशंकरच्या तांबड्या मातीनेही त्याच वाटेने जायला हवे होते. अमेरिकन पद्धतीत अशा धुतलेल्या, चिकणमाती खाली उतरलेल्या मातीला अल्टिसॉल म्हणतात, आणि कॅल्शियम वगैरे टिकवून असलेल्या तशाच मातीला अल्फिसॉल. दोघांतली सीमा बेस सॅच्युरेशनची. मातीच्या कणांवर अशी द्रव्ये धरण्याच्या जेवढ्या जागा आहेत त्यांतल्या किती जागा या चार द्रव्यांनी भरल्या आहेत, तो आकडा. खोलवरच्या ठरावीक थरात तो ३५ टक्क्यांच्या खाली गेला की अल्टिसॉल.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतल्या तपस भट्टाचार्य, दिलीपकुमार पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या या मातींवर काम केले. १९९३ साली त्यांनी इथल्या तांबड्या आणि काळ्या मातींतल्या खनिजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तांबडी माती अल्फिसॉल निघाली. तिच्यातले केओलिनाइट शुद्ध नव्हते. स्मेक्टाइट आणि केओलिनाइट ही चिकणमातीची खनिजे; जास्त धुतल्या मातीत पहिल्याचे दुसरे होते. इथे दोघांचे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले होते, म्हणजे बदल सुरू झाला होता पण पुरा झालेला नव्हता. १९९९ च्या कामात त्यांनी याचे कारण मांडले: बेसाल्टच्या पोकळ्यांतला झिओलाइट, मुख्यतः कॅल्शियमयुक्त ह्युलँडाइट.

झिओलाइटची रचना आतून पोकळ जाळीची असते. जाळीत कॅल्शियम आणि पाणी सैलसर बसलेले असते, ते बाहेर येऊ शकते. पाऊस मातीतून जेवढा कॅल्शियम नेतो तेवढा हा खडा हळूहळू पुरवत राहतो, पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून थेंबथेंब पाणी पडावे तसा. जोवर खडीत झिओलाइट आहे तोवर माती पूर्ण आम्ल होत नाही, स्मेक्टाइट पूर्ण मोडत नाही, आणि माती अल्फिसॉलवरच थांबते.

२००६ मध्ये याच गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. पश्चिम घाट आणि सातपुडा पट्ट्यातल्या, जंगलाखालच्या काही माती त्यांनी मॉलिसॉल म्हणून दाखवल्या. मॉलिसॉल म्हटले की युक्रेन किंवा अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ प्रदेशांची काळी माती डोळ्यांपुढे येते. दमट उष्ण कटिबंधात ती असणे अनपेक्षित होते. जंगलाने सेंद्रिय कर्ब दिला, झिओलाइटने कॅल्शियम दिले, दोन्ही मिळून वरचा थर गडद, भुसभुशीत आणि कॅल्शियमने भरलेला राहिला. महाराष्ट्रातल्या मृदाशास्त्राने जगाच्या वर्गीकरणाला दिलेली ही फार मोलाची भर आहे, आणि ती मराठी वाचकांपर्यंत जवळजवळ पोचलेली नाही.

या सगळ्यातून खडीकडे बघायची दृष्टी बदलते. पोतासाठी खडी वेगळी काढणे बरोबर आहे. पण पोषणाचा हिशेब करताना ती 'निष्क्रिय' धरणे इथे चुकीचे आहे. उतारावर वरच्या थरातून घरंगळत आलेली मांजऱ्याची खडी खालच्या मातीत सतत नवा झिओलाइट आणत असते. घट्ट बेसाल्टच्या कड्याखालची खडी तसे करत नाही, किंवा फार सावकाश करते. दोन्ही जागी खडीचे प्रमाण समान असू शकते आणि मातीचा स्वभाव मात्र वेगळा.

प्रयोगशाळेला एक सूचना याच अनुषंगाने. अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणाने विनिमययोग्य कॅल्शियम काढताना झिओलाइटमधले कॅल्शियमही सुटून येते. त्यामुळे बेस सॅच्युरेशन कधी कधी शंभर टक्क्यांच्या वर दिसते. आकडा विचित्र दिसला म्हणून नमुना बाद करू नये. तो आकडाच झिओलाइट असल्याची सूचना असतो.

हवामानाचे दोन शब्द

पूर्ण नावात ओलाव्याचा आणि तापमानाचा वर्ग लागतो. ओलाव्याचा वर्ग यूस्टिक: तीन हजार मिलिमीटर पाऊस असूनही नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत कोरड, आणि वर्षात नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ मातीचा ठरलेला भाग सुकलेला. खडीमुळे पाणी खोल जाते, म्हणून हा 'ठरलेला भाग'ही बारीक मातीपेक्षा खोल धरावा लागतो.

तापमानात उन्हाळा आणि हिवाळा यांतला फरक सहा अंशांपेक्षा कमी असेल तर वर्गाच्या नावाआधी 'आयसो' लागतो. इथे उन्हाळा म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट अशी व्याख्या आहे. सह्याद्रीत ते महिने ढगाळ, थंड, पावसाचे. खरा उन्हाळा एप्रिल-मे. त्यामुळे फरक कमी निघतो आणि 'आयसो' लागतोच. वार्षिक सरासरी २२ अंशांच्या वर की खाली, यावर आयसोहायपरथर्मिक की आयसोथर्मिक हे ठरते. हजार मीटर उंचीवर ही रेषा अगदी जवळ आहे. साडेतेराशे मीटरच्या महाबळेश्वरला ती स्पष्टपणे ओलांडलेली असते. भीमाशंकरला मी मातीत तापमापक पुरून वर्षभराच्या नोंदी घेतल्याशिवाय हा शब्द लिहिणार नाही.

नाव

शाबूत जंगलाखालच्या उतारावर, जिथे वरचा गडद थर निदान १८ सेंटिमीटर आहे, सेंद्रिय कर्ब ०.६ टक्क्यांच्या वर आहे, ओल्या मातीचा रंग मन्सेल तक्त्यावर (मातीचा रंग जुळवून बघायच्या तक्त्यावर) पुरेसा गडद आहे आणि बेस सॅच्युरेशन खालपर्यंत ५० टक्के किंवा जास्त आहे, तिथे माती मॉलिसॉल. खाली आर्जिलिक थर नसेल तर हॅप्लुस्टॉल्स, असेल तर आर्जिउस्टॉल्स. कठीण खडीचे प्रमाण ३५ टक्क्यांवर गेले तर त्याआधी लोमी-स्केलेटल. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती फेओझेम या गडद मातीच्या गटाजवळ जाते, खडी ४० टक्क्यांवर असेल तर स्केलेटिक.

त्याच उताराच्या पायरीवर, जिथे माती खोल आणि तांबडी आहे, चिकणमातीचे पापुद्रे स्पष्ट आहेत आणि वरचा गडद थर पातळ आहे, तिथे हॅप्लुस्टाल्फ्स, म्हणजे अल्फिसॉल. कड्यालगत, जिथे पन्नास सेंटिमीटरच्या आत पाषाण लागतो आणि थरांची ओळख पटत नाही, तिथे लिथिक उस्टॉर्थेंट्स, म्हणजे एन्टिसॉल. म्हणजे शंभर-दीडशे पावलांत तीन वेगवेगळे गण, वर्गीकरणातले सर्वांत वरचे गट. जिल्ह्याच्या नकाशावर हा सगळा भाग एका रंगात येतो, आणि त्या प्रमाणात तसेच यायला हवे; पण त्या रंगावरून एखाद्या उतारावर काय लावायचे किंवा काय खणायचे हे ठरवू नये.

माझे मत विचाराल तर या तिघांत मॉलिसॉल हे नाव सर्वांत नाजूक आहे. ते पूर्णपणे वरच्या अठरा-वीस सेंटिमीटरवर उभे आहे. जंगल तोडले, वणवा लागत राहिला, दोन-चार पावसाळ्यांत गडद थर वाहून गेला की माती तिथेच असूनही ती मॉलिसॉल उरत नाही. खालचा तांबूस थर उघडा पडतो आणि नाव इन्सेप्टिसॉल (थर नुकते घडू लागलेली माती) किंवा अल्फिसॉल होते. वर्गीकरणात एवढ्या थोड्या काळात गण बदलणे विरळा. म्हणून भीमाशंकरमध्ये जिथे जिथे मॉलिसॉल नोंदले जाईल तिथे त्याच जागी दहा वर्षांनी पुन्हा खड्डा घ्यावा.

मोजणी चुकली की काय चुकते

पहिले, पाणी. समजा बारीक माती आकारमानाच्या १५ टक्के उपयुक्त पाणी धरते. अर्धा मीटर मातीत ते ७५ मिलिमीटर. त्यात ४० टक्के कठीण खडी असेल तर उरते ४५. या हिशेबाने एप्रिलमध्ये झाडे वाळून जायला हवीत, आणि अंजन तर हिरवेगार असते. कारण मुळे मुरमात गेलेली असतात. मुरूम स्वतः पाणी धरतो आणि भेगांतून मुळांना देतो. तरीही सर्वेक्षणाच्या अर्जात मातीची खोली मुरूम लागला तिथेच संपते. जंगलाचा पाणीपुरवठा अर्ध्यावर मोजला जातो. मुरमातल्या भेगा किती अंतरावर आहेत, हेही लिहिले पाहिजे: मुळांना शिरता येईल अशा भेगा एकमेकींपासून दहा सेंटिमीटरपेक्षा जवळ असतील तर तो थर मुळांना अडवत नाही.

दुसरे, कर्ब. समजा वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सेंद्रिय कर्ब तीन टक्के आणि बारीक मातीची घनता १.१. गुणाकार केला तर हेक्टरी ९९ टन. पण ४० टक्के जागा खडीने व्यापली असेल तर प्रत्यक्ष साठा सुमारे ५९ टन. खडी वजा न करता आलेला आकडा दीडपटीहून जास्त आहे. वनांच्या कर्बसाठ्याचे आकडे आज धोरणांत आणि पैशाच्या व्यवहारांत वापरले जातात. डोंगराळ जंगलांसाठी तिथे खडीचा रकाना असायलाच हवा.

तिसरे, भोवतालची शेती. २०१५ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. खडी नाही. सपाटीच्या काळ्या जमिनीला ते चालून जाते. पण आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिम पट्ट्यात पडकईने, म्हणजे उतारावर दगडांचे बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या जी खाचरे घडवली गेली, तिथली माती चाळणीखालच्या निम्म्या मातीवरून तपासली जाते आणि खताचा डोस मात्र पूर्ण एकरासाठी सांगितला जातो. ज्या वावरात निम्मी जागा दगडाची, तिथे हा डोस पावसात वाहून जाण्यासाठीच टाकल्यासारखा होतो.

आणि चौथे, उताराचे स्थैर्य. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगर खचून गाडले गेले, दीडशेहून जास्त माणसे गेली. अतिवृष्टीने भिजलेला माती-मुरमाचा थर खालच्या खडकावरून सुटला. मातीच्या नावावरून असा धोका सांगता येत नाही. लोमी-स्केलेटल हा शब्द कुणाला सावध करणार नाही. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र याच खड्ड्यात मोजता येतात: मुरमाची जाडी, मुरूम आणि पाषाण यांच्यामधली सीमा किती तीव्र आहे, तिथे पाणी साचल्याच्या करड्या खुणा आहेत का, खडीचे टोकदार तुकडे उताराच्या दिशेने लवंडलेले आहेत का. मृदा सर्वेक्षणाच्या अर्जात यांतल्या बऱ्याच गोष्टींना जागा आहे. डोंगराळ भागात त्या भरण्याची सक्ती असावी, आणि भरलेला अर्ज तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे जावा.

भीमाशंकरच्या उतारासाठी माझा अर्ज असा भरला जाईल: वरच्या थराची जाडी, रंग ओला आणि कोरडा; प्रत्येक थरातली खडी आकारमानात, कठीण आणि हातांनी फुटणारी वेगळी; खडीचा खडक, घट्ट की मांजऱ्या; पांढऱ्या खनिजावर आम्लाचा परिणाम; कुटण्याची पद्धत; मुरमाची खोली, त्यातल्या भेगांचे अंतर आणि मुळे शेवटची कुठे दिसली. आणि चाळणीवर उरलेली खडी पिशवीत भरून, थराचे नाव लिहून, नमुन्याबरोबर नागपूरला.